साहेबाची सारंगी

आमच्या मूल तालुक्यातल्या जुन्या घरी, सैपाकघराच्या आढ्याला एक लांबट लाकडी पेटी टांगलेली असायची. तिच्या दोन्ही बाजूंनी बियाण्याची गाठोडी लोंबायची. वालाचं, दोडक्याचं, भोपळ्याचं. धुरावर टांगलं की बियाण्याला कीड लागत नाही, म्हणून ते तिथं. पेटी तिथं का, हे कोणी सांगत नसे. चुलीच्या धुरानं ती काळीकुट्ट झाली होती.

आजाला विचारलं की तो खुलायचा. "साहेबाची सारंगी होय थे. जंगलच्या साहेबानं तुया पणज्याले बक्षीस देल्ली." मग गोष्ट सुरू. साहेब वाघाच्या मागावर गेला, मचाण मोडलं, पणज्यानं नुसत्या कुऱ्हाडीनं वाघाला अडवलं आणि साहेबानं खूश होऊन विलायतेहून आणलेली आपली सारंगी काढून दिली. दर वर्षी वाघ हातभर वाढायचा. आजी चुलीपुढं बसून ऐकायची, बोलायची काही नाही. मी एकदा उतरंडीला टेकून पेटीला हात घातला, तेव्हा मात्र ओरडली, "हात नोको लावू बाबू, थे आपली नोहोय." त्या पेटीत भूत आहे असं मी पुढं कितीतरी वर्षं धरून चाललो.

बाबा गेल्यावर वाटण्या झाल्या. तलावाखालच्या बांध्या, घर, भांडी, सगळ्यांची नावं लागली. पेटी आणि लाल फडक्यात बांधलेला जुन्या बह्यांचा बस्ता कोणाला नको होता. ते दोन्ही माझ्याकडं आलं.

पेटी उघडली तर आत व्हायोलिन. तारा नाहीत, मान ढिली, पाठीची फळी एका बाजूनं उकललेली. सोबत गज होता, पण तो बांबूच्या काडीचा, केस झडलेले. वरच्या फळीला जी दोन लांबट भोकं असतात त्यातून टॉर्च मारली, तर आत एक पिवळी चिठ्ठी दिसली. रोमन अक्षरं, भाषा लॅटिन. आंतोनियस स्त्रादिवारियस, क्रेमोना, आणि 17 वर अर्धवट राहिलेलं साल.

चुलतभावाला मी हे सांगायला नको होतं. त्यानं मोबाईलवर शोधलं आणि रात्री साडेदहाला फोन केला. स्त्रादिवारीचं 'लेडी ब्लंट' नावाचं व्हायोलिन 2011 मध्ये लिलावात 1 कोटी 59 लाख डॉलरला गेलं होतं, हे त्याला सापडलं होतं. "आता याची पुन्ना वाटणी झाली पायजे," तो म्हणाला. तोवर ज्या पेटीला कोणी हात लावत नव्हतं, तिचे आठ दिवसांत पाच हिस्सेदार झाले.

मी ती नागपूरला एका म्हाताऱ्या कारागिराकडं नेली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, आरशाचा एक बारीक तुकडा आत घातला, आणि हसले. "भाऊ, ही चिठ्ठी लाखो बाजांत आहे."

आंतोनिओ स्त्रादिवारी हा इटलीतल्या क्रेमोना गावचा कारागीर. जन्म 1644 च्या सुमाराचा, मृत्यू 1737 चा. त्याची म्हणून आज जगात उरलेली वाद्यं सुमारे साडेसहाशे. पण त्याच्या घाटाची नक्कल पुढं दोनशे वर्षं होत राहिली, आणि नक्कल करणारे त्याच्याच नावाची चिठ्ठी डकवत. फसवण्याचाच हेतू असायचा असंही नाही. 'हा स्त्रादिवारीचा नमुना' एवढाच तिचा अर्थ. जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतात मार्कनॉयकिर्शेन नावाचं गाव आहे, सीमेपलीकडं बोहेमियात श्योनबाख. या टापूत घरोघर व्हायोलिनं व्हायची. एका घरात नुसत्या माना कोरायच्या, दुसऱ्यात पाठीच्या फळ्या, तिसऱ्यात खुंट्या. व्यापारी हे भाग नगावर विकत घ्यायचा, जोडून घ्यायचा आणि जगभर पाठवायचा.

मला हे लगेच समजलं. आमच्याकडं बिडीचं असंच. पान जंगलातलं, तंबाखू ठेकेदाराची, वळणारी बाई घरी, मजुरी हजारावर. बिडीच्या कट्ट्यावर नाव मात्र तिसऱ्याचंच.

मास्तरांनी एकेक खूण दाखवली. चांगल्या व्हायोलिनच्या कोपऱ्यांत आतून लाकडी ठोकळे असतात, इथं नव्हते. वरच्या फळीखाली आधाराचा दांडा असतो, तो वेगळा करून चिकटवतात. इथं तो फळीतूनच कोरून सोडला होता, म्हणजे वेळ वाचवला. काठाची दुहेरी काळी नक्षी लाकडात बसवलेली नव्हती, शाईनं रेघ ओढली होती. आणि चिठ्ठीच्या तळाशी, धुरानं पुसट झालेला, जर्मनीचा उल्लेख होता. परदेशी मालावर देशाचं नाव असावं असे कायदे इंग्लंडनं 1887 मध्ये आणि अमेरिकेनं 1890 मध्ये केले. त्यानंतर व्यापारी सरसकट तसं छापू लागले. 1914 मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि जर्मन माल आपल्याकडं यायचा थांबला. म्हणजे आमची सारंगी मधल्या पंचवीसेक वर्षांतली.

"किंमत?" मी विचारलं.

"दुरुस्तीला जेवढं लागंल तेवढीच समजा."

चुलतभावाला मी हे फोनवर सांगितलं. संध्याकाळपर्यंत पाचही हिस्सेदार गेले.

दुरुस्ती मात्र मी करायला टाकली. व्हायोलिन सरसानं जोडतात. जनावराच्या कातड्याचा सरस पावसाळी दमटपणानं सुटतो, आणि तो सुटावा अशीच योजना असते. लाकूड फुगलं-आक्रसलं की जोड उकलतो, त्यामुळं फळी तडकत नाही. उकललेलं पुन्हा चिकटवता येतं. आमच्या पाठीची फळी उकलली होती, म्हणूनच ती वाचली होती. आत एक बोटभर काडी आडवी पडली होती. तीच वरच्या आणि खालच्या फळीच्या मध्ये उभी राहून आवाज पाठीपर्यंत नेते. फ्रेंच लोक तिला 'आत्मा' म्हणतात. मास्तरांनी वाकडी सळई भोकातून घालून ती जागेवर उभी केली. अर्धा तास लागला.

मग त्यांनी डोक्याचा भाग माझ्यापुढं धरला. "हे कोणी केलं?"

व्हायोलिनला चार तारा, चार खुंट्या. आमच्या वाद्याला खुंट्या तीनच होत्या. चौथीचं भोक लाकडाचा तुकडा ठोकून, वर लाख वितळवून बुजवलं होतं. घोडीवर, म्हणजे तारा ज्यावरून जातात त्या पुलावर, तीनच खाचा. ती घोडीही मूळची नव्हती, जाड हातानं कोरलेली होती. तीनपैकी एक खुंटी नवी होती, काळी, जड. मास्तर म्हणाले एबनी आहे. मी नखानं खरवडून पाहिली, वास घेतला. हे आमचं टेंभरू होतं. ज्याची पानं बिडीला जातात त्या तेंदूच्या जुन्या झाडाचा गाभा असा काळा निघतो. विलायती खुंट्यांना वापरतात ते एबनी आणि आपला तेंदू एकाच कुळातले, हे नंतर वाचलं. ज्यानं ती खुंटी घडवली त्याला कुळ माहीत नसेल, लाकूड बरोबर माहीत होतं.

आणखी एक गोष्ट. व्हायोलिन हनुवटीखाली धरतात, त्यामुळं वरच्या फळीच्या डाव्या काठावरचं पॉलिश घामानं जातं. इथं ते जसंच्या तसं होतं. पाठीमागं खालच्या टोकाशी मात्र लाकूड पांढरं पडेस्तोवर घासलेलं. "अडाण्यानं बिघडवलं," मास्तर म्हणाले. "भोक मोकळं करतो, चार तारा चढवतो. नव्यासारखं होईल."

मी म्हटलं, थोडे दिवस थांबा.

का थांबवलं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. तीन तारा लावून वाजवणारा माणूस साहेब नव्हता, एवढंच कळलं होतं. माझा पणजाही नव्हता. तो मालगुजार होता, गावात चार आण्यांचा हिस्सेदार. त्याच्या हातात कोणी वाद्य पाहिल्याचं आजाच्या गोष्टीतसुद्धा नव्हतं.

उरला बह्यांचा बस्ता. बह्या मोडीत. चंद्रपुरात एक निवृत्त गुरुजी अजून मोडी वाचतात. त्यांच्याकडं आम्ही पाच रविवार बसलो. धानाची देवघेव, तलावाच्या पाळीची मजुरी, सरकारात भरलेला सारा. पाचव्या रविवारी शके 1840 चा कार्तिक निघाला. म्हणजे 1918 चा नोव्हेंबर.

त्या सालाला आमच्याकडं मानमोडीचं साल म्हणतात. जूनमध्ये मुंबईच्या बंदरावर उतरलेला इन्फ्लुएंझा पावसाळा सरता सरता दुसऱ्यांदा उसळला आणि रेल्वेनं गावोगाव पोचला. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा देशात सर्वांत जास्त मार खाल्लेल्या भागांपैकी एक. देशभरात एक कोटीहून अधिक माणसं गेली. 1911 ते 1921 या दशकात भारताची लोकसंख्या वाढली नाही, घटली. विसाव्या शतकात असं दुसऱ्या कुठल्या दशकात झालेलं नाही. त्यात त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला. धानाच्या लोंब्या भरल्या नाहीत, आणि ज्या भरल्या त्या कापायला माणूस नव्हता.

त्या पानावर एकाखाली एक गहाणं होती. चांदीचं कडं. पितळी गुंड. नांगराचा फाळ. आणि त्यांच्याखाली वर्धा नदीपलीकडच्या एका गावचा परधान, त्याचा इंग्रजी बाजा एक, धान पाच कुडव, वायदा होळीचा. गुरुजी थांबले. पुढं वेगळ्या शाईत दोन शब्द होते. आला नाही.

मला आजी आठवली. थे आपली नोहोय.

पणजाबद्दल त्या क्षणी मला राग आला, तो पुढच्याच पानावर अडकला. तिथं त्याच्या स्वतःच्या दोन पोरांच्या तेराव्याचा खर्च लिहिला होता, आठ दिवसांच्या अंतरानं. पाच कुडव धान म्हणजे एका घराचं जेमतेम महिनाभराचं पोट. त्या महिन्यात ते देणारा माणूस वाईट होता असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण साहेब, वाघ आणि कुऱ्हाड मागाहून का लागले ते समजलं. गहाणाची वस्तू घरात राहिली तर पोरांना काय सांगायचं? बक्षीस सांगणं सोपं.

परधान म्हणजे गोंडांचे भाट. गोंडांच्या प्रत्येक कुळाची कथा, देवांच्या उत्पत्तीपासून घराण्याच्या नावांपर्यंत, त्यांच्या तोंडी असते. परधानानं आपल्या यजमानांच्या घरोघरी जायचं, किंगरीवर पेरसापेनाची, वाडवडिलांची गाथा गायची, मरणातल्या विधींना हजर राहायचं, आणि धान्य, कापड, कधी गाय-वासरू घेऊन परतायचं. एल्विनचे सहकारी शामराव हिवाळे यांनी 1946 मध्ये नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातल्या परधानांवर अख्खं पुस्तक लिहिलं. तिकडं वाद्याला बाना म्हणतात, आमच्याकडं किंगरी. वर्धेपलीकडचा राजुऱ्याचा मुलूख तेव्हा निजामाच्या अदिलाबाद जिल्ह्यात होता. पण कुळांना हद्द नसते. त्या गावचा परधान नदी ओलांडून आमच्या गावच्या गोंडवाडीत येत असणार. त्या वर्षी तो आला तेव्हा यजमानांच्या घरात मरण होतं आणि कणगीत धान नव्हतं. ज्या वर्षी सगळ्यात जास्त माणसांसाठी गायचं होतं, त्याच वर्षी गाणाऱ्याला देण्याइतकं कोणाकडं उरलं नव्हतं.

किंगरी मी तोवर नीट पाहिली नव्हती. पुसाच्या महिन्यात जिवतीच्या डोंगराळ भागालगत, महाराष्ट्र-तेलंगणाच्या सीमेवर जंगूबाईची यात्रा भरते. गोंड, कोलाम, परधान दोन्हीकडून येतात. मी गेलो. संध्याकाळी एका पालापुढं एक म्हातारा वाजवत बसला होता. कातडं मढवलेली किंगरी छातीशी टेकवलेली, बांबूचा गज, घोड्याचे केस. मी तारा मोजल्या. तीन. पुन्हा मोजल्या.

पाठीचं लाकूड का घासलं होतं, चौथं भोक का बुजवलं होतं, ते तिथं उभ्या उभ्या कळलं. कोणी ते वाद्य बिघडवलं नव्हतं. किंगरी करून घेतलं होतं. दक्षिणेतही असंच झालं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाळुस्वामी दीक्षितरांनी फिरंग्यांचं व्हायोलिन कर्नाटक संगीतात आणलं आणि तिथल्या लोकांनी ते खाली बसून, टोक पायावर टेकवून वाजवायची आपली रीत पाडली. त्याची पुस्तकं झाली. आमच्या नदीपलीकडच्या माणसानंही वाद्य आपल्या सुरात ओढून घेतलं होतं. त्याची नोंद एका सावकारी बहीत, गहाण म्हणून.

नागपूरला फोन करून मास्तरांना सांगितलं, भोक तसंच राहू द्या, तीनच तारा चढवा, ती घोडी आणि ती काळी खुंटी बदलू नका. ते कुरकुरले. "मग दुरुस्त काय केलं मी?" पण त्यांनी ऐकलं. बांबूच्या गजाला नवे केस बांधून दिले आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

बहीत गावाचं नाव होतं, माणसाचंही होतं. ते मी इथं लिहीत नाही. त्या घरच्यांनी लिही म्हटलेलं नाही. यात्रेतल्या म्हाताऱ्याला गाव सांगितलं, त्यानं आडनावावरून घर सांगितलं. मी पेटी आणि बही घेऊन गेलो. कापसाचं गाव. घरात सत्तरीचे एक बाबाजी, त्यांचा मुलगा, आणि लग्नाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवणारा नातू. बहीतलं नाव वाचून दाखवलं. बाबाजी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "माया आजाचा मोठा भाऊ होय थो. झाडीत गेला मानमोडीत. वापस नाही आला."

आला नाही. आमच्या बहीतही तेच होतं.

"किंगरी होती ना त्यांच्याकडं," मी विचारलं, "मग हे कुठून आलं?"

"चांद्याले कोन्या साहेबाची बदली झाली, त्याच्या सामानाचा लिलाव झाला, तिथून घेतली मनत. किंगरी घरीच होती. किंगरी गहान नाही ठेवत दादा, तिच्यात पेन बसते. हे ठेवली असंल."

म्हणजे साहेब खरा होता. फक्त आमच्या दारात आला नव्हता.

मी पेटी त्यांच्यापुढं सरकवली. त्यांनी व्हायोलिन उचललं, छातीशी लावलं, आणि पाठीची ती पांढरी जागा बरोबर त्यांच्या सदऱ्यावर टेकली. मास्तरांनी सूर चढे लावले होते. त्यांनी खुंट्या पिळून ते बरेच खाली आणले, इतके की मला वाटलं आता तारा बोलणारच नाहीत. मग गज ओढला. आवाज बारीक नव्हता, जाडा होता, खालून येणारा. ते गोंडीत काहीतरी म्हणू लागले. मला समजलं ते एवढंच, की ती नावं होती. एकापाठोपाठ एक नावं. नातू दाराशी मोबाईल धरून उभा होता. थोड्या वेळानं त्यानं तो खिशात ठेवला.

थांबल्यावर त्यांनी विचारलं, "किती लिवलं हाय म्हनाले?"

"पाच कुडव धान. पण त्याचं आता काही नाही बाबाजी. हे तुमचंच आहे."

"गहान तसं नाही सुटत." ते उठून आत गेले. सुनेला काही सांगितलं. धान त्या गावात होत नाही. तिनं ज्वारीचं पोतं ओढत आणलं, आणि मुलानं कुडवाचं जुनं माप शोधून काढलं. मी नको नको म्हणत होतो. बाबाजींनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत विनवणी नव्हती. मी गप्प बसलो. त्यांनी स्वतः मोजली. एक, दोन, तीन, चार, पाच. काठोकाठ, वर हात फिरवून.

मग म्हणाले, "खोडा आता."

मी पेन काढलं. शंभरावर वर्षांच्या कागदावर हात थोडा कापला. वायदा होळीचा होता, महिना चैत्राचा. त्या ओळीवर आडवी रेघ मारली, पुढं तारीख घातली.

रात्री चुलतभावाचा फोन आला. "मंग? देल्ली का फुकटची?"

"फुकट नाही देल्ली. पाच कुडव जवारी आणली."

तो हसला. मग जरा वेळानं, हसणं थांबल्यावर, म्हणाला, "आपला हिस्सा पाठव गा. भाकरी करू."